बोबड्या बोलांचे व्याकरण

मराठी कथेत, नाटकात किंवा चित्रपटात लहान मूल बोलू लागले की ते बहुधा एकाच साच्यात बोलते. 'र'च्या जागी 'ल', 'स'च्या जागी 'श' नाही तर 'छ', मधूनच एखादे अक्षर गाळलेले. एवढ्या सामग्रीवर आपल्या लेखकांचे काम भागते. मूल दीड वर्षाचे असो वा पाच वर्षांचे, कोकणातले असो वा वऱ्हाडातले, ते 'घली' जाते आणि 'लाजा'ची गोष्ट ऐकते. ह्या संकेताची सोय उघड आहे. 'लाजा' वाचताच वाचकाला 'राजा' परत मिळतो आणि वाचनाची लय मोडत नाही. प्रत्यक्षातले अडीच वर्षांचे मूल 'कुत्रा'ला 'तुत्ता' म्हणते, 'टोपी'ला 'पोपी' म्हणते. हे जसेच्या तसे छापले तर प्रत्येक ओळीखाली टीप द्यावी लागेल. तेव्हा असा संकेत असूच नये, असे माझे म्हणणे नाही. पण संकेत फार काळ वापरला की तो पुरावा होऊन बसतो. मुलाची भाषा म्हणजे मोठ्यांचीच भाषा, फक्त तिच्यातली काही अक्षरे सांडलेली, असे आपल्याला खरोखरच वाटू लागते.

ह्या समजुतीला परंपरेचा आधार आहे. ज्ञानेश्वरीत लेकराच्या बोबड्या बोलाने रिझणारी माउली आहे. त्याही आधी कालिदासाच्या 'शाकुन्तला'त, सातव्या अंकात, मुलांच्या अस्फुट अक्षरांची गोडी दुष्यंत वर्णन करतो. त्या अंकातली एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. राजा संस्कृतात बोलतो आणि ज्याला पुढे भरत म्हणून ओळखायचे तो सर्वदमन मात्र प्राकृतात. नाट्यसंकेताप्रमाणे ते ठीकच आहे; पण मुलाची भाषा आणि प्राकृत ह्यांचे काही नाते असावे, ही शंका तिथे मनात येते. तिच्याकडे मी पुढे येईन. तूर्त एवढेच की, आपल्या परंपरेने बोबड्या बोलांचे कौतुक पुष्कळ केले. आणि तेच बोल चौथ्या-पाचव्या वर्षी ऐकू आले की त्यांना दोष म्हटले, जीभ जड आहे म्हटले, मधात वेखंड उगाळून चाटवले. कौतुक आणि काळजी ह्यांच्या गडबडीत मूल नेमके काय म्हणते आहे ते ऐकायचे मात्र राहून गेले.

ऐकू लागलो की पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की मूल वाटेल तसे चुकत नाही. 'काका'चे 'ताता' म्हणणारे मूल 'गाडी'ला 'दाडी' म्हणते, 'खाऊ'ला 'ताऊ' किंवा 'थाऊ' म्हणते, 'घोडा'ला 'दोडा' नाही तर 'धोडा' म्हणते. येथे 'क'चा 'त' होतो, 'ग'चा 'द' होतो. 'ग'चा 'त' सहसा होत नाही. म्हणजे एखादे सुटे अक्षर हरवले असे घडलेले नाही. कंठ्य वर्गच्या वर्ग दंत्य वर्गावर सरकला आहे, आणि सरकताना घोष-अघोष हा भेद त्याने सांभाळला आहे. पाणिनीय परंपरेत वाढलेल्या कोणालाही ह्या व्यवस्थेचे अप्रूप वाटावे. ज्याला अजून स्वतःचे नाव धड सांगता येत नाही, ते मूल वर्णमालेचे उभे आणि आडवे असे दोन्ही स्तंभ मानते आहे.

वर्णमालेचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. आपली वर्णमाला घशापासून ओठांकडे येते: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. मूल ढोबळमानाने उलट निघते. आधी ओठांचे 'प', 'ब', 'म', त्यांच्या आसपास दातांचे 'त', 'द', 'न', आणि बऱ्याच मुलांच्या बाबतीत कंठातला 'क' मागाहून. ह्या क्रमाकडे साऱ्या भाषांच्या संदर्भात पाहणारा मोठा विचारक म्हणजे रोमान याकोबसन. नाझींपासून जीव वाचवत चेकोस्लोव्हाकियातून डेन्मार्क, नॉर्वे असे करत तो स्वीडनला पोहोचला, आणि तिथे १९४१ मध्ये त्याचे जर्मन भाषेतले छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुलांची भाषा, मेंदूला इजा झाल्यावर होणारा वाचालोप आणि स्वनांचे सार्वत्रिक नियम हा त्याचा विषय. जे ध्वनी जगातल्या बहुतेक भाषांत सापडतात ते मूल आधी मिळवते, आणि वाचालोपात तेच सर्वांत शेवटी जातात, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढच्या अभ्यासकांनी ह्या शिडीच्या बऱ्याच पायऱ्या हलवल्या. प्रत्येक मूल तिच्यावरून एकाच क्रमाने चढत नाही हे दाखवून दिले. तरीही शिडी आहे ही कल्पना उरली.

आता येथे एक अडचण आहे आणि ती प्रत्येक आजीला ठाऊक आहे. तीन महिन्यांचे बाळ पाळण्यात पडल्या पडल्या 'अग्गू, अग्गू' करते. म्हणजे 'ग' त्याला येतो! मग दोन वर्षांचे झाल्यावर त्याचे 'गाडी'पाशी का अडते? याकोबसनचे उत्तर असे होते की, बडबड आणि भाषा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल बडबडीत वाटेल ते आवाज काढते आणि भाषा सुरू होताच पुन्हा शून्यापासून आरंभ करते. हे उत्तर आता जसेच्या तसे टिकत नाही. मुलाचे पहिले शब्द त्याच्या बडबडीतल्या आवडत्या ध्वनींतूनच घडतात, असे नंतरच्या निरीक्षणांतून दिसून आले. पण पाळण्यातला 'अग्गू' खरोखरच वेगळा असतो. तेव्हा बाळ उताणे असते, त्याची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते आणि ती मागे टाळूला आपोआप लागते. तो 'ग' त्याने ठरवून काढलेला नसतो. 'गाडी'तला 'ग' ठरवून काढावा लागतो, आणि तोही 'दाडी'पासून वेगळा राहील असा.

ह्याच संदर्भात वेर्नर लिओपोल्ड ह्या जर्मन-अमेरिकी भाषावैज्ञानिकाने आपल्या मुलीच्या, हिल्डेगार्डच्या, ठेवलेल्या नोंदी वाचण्यासारख्या आहेत. १९३९ ते १९४९ ह्या काळात त्या चार खंडांत प्रसिद्ध झाल्या. दहा महिन्यांची असताना ही मुलगी 'प्रिटी' हा इंग्रजी शब्द जवळजवळ मोठ्यांसारखा म्हणत असे. पुढे ती अधिक बोलू लागली, शब्द वाढले, आणि त्याच शब्दाचे 'बिडी'सारखे काहीतरी झाले. वरवर पाहणाऱ्याला ही पीछेहाट वाटेल. वस्तुतः पहिला उच्चार पोपटपंचीतला होता; दुसरा तिच्या स्वतःच्या नियमांतून निघालेला होता.

मराठी मुलांच्या ह्या नियमांची जंत्री करण्याचा माझा विचार नाही, पण काही नमुने दिल्यावाचून राहवत नाही. 'चप्पल'चे 'पप्पल' आणि 'टोपी'चे 'पोपी' होते तेव्हा शब्दातले बलवान व्यंजन दुसऱ्याला आपल्यासारखे करून घेते. 'बटाटा'चे 'टाटा' होते, 'हेलिकॉप्टर'चे 'कॉप्टर' होते. तिथे आरंभीची दुबळी अक्षरे गळून पडतात. 'साबण'चे 'ताबण' होते, कारण हवा घासत सोडण्यापेक्षा ती अडवणे सोपे. 'भात' आणि 'बात' ह्यांत काही दिवस फरक राहत नाही. 'ळ' उशिरा येतो, तोवर 'डोळा'चा 'डोला' असतो. आणि जोडाक्षर आले की बहुधा एक व्यंजन जाते: 'स्टेशन'चे 'टेशन', 'चंद्र'चे 'चंद'. पण जोडाक्षर शब्दाच्या मध्यावर असले तर आपली मुले कधी कधी आणखी एक युक्ती करतात. ती 'पुस्तक'ला 'पुत्तक' म्हणतात. 'स' जातो, पण जाताना आपली जागा 'त'ला देऊन जातो.

मराठीच्या विद्यार्थ्याला हे 'पुत्तक' ओळखीचे वाटायला हवे. संस्कृतातून प्राकृतात येताना जोडाक्षरांचे नेमके हेच झाले: 'सप्त'चे 'सत्त', 'चक्र'चे 'चक्क', 'अग्नि'चे 'अग्गि', 'दुग्ध'चे 'दुद्ध'. मग ते द्वित्त सुटले, आधीचा स्वर दीर्घ झाला, आणि आपल्याला 'सात', 'चाक', 'आग', 'दूध' मिळाले. 'हस्त'चे 'हत्थ' झाले आणि 'हत्थ'चा मराठीत 'हात' झाला. हिंदीने 'हाथ', 'भूख', 'भीख' ह्यांतला महाप्राण राखला. मराठीने 'हात', 'भूक', 'भीक' करून तो सोडून दिला. मुलाच्या 'बात'कडे पाहून हसताना हे ध्यानात असावे. अक्षरांची अदलाबदलही मुलांची मक्तेदारी नाही. पोर्तुगीज 'बाल्दे'वरून आलेली 'बालदी' आपण 'बादली' केली, आणि आता कोणी 'बालदी' म्हणाले की तोच आपल्याला गावंढळ वाटतो.

मग सर्वदमनाच्या प्राकृताचे रहस्य हेच म्हणावे काय? मुलांच्या चुका मोठेपणी टिकल्या आणि भाषा बदलली, असे मानणारे अभ्यासक एकोणिसाव्या शतकापासून आहेत. मोह पडावा अशी ही कल्पना आहे, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती छान दिसते. मला ती अर्धीच पटते. 'पोपी'सारखे दूरच्या व्यंजनांचे सारखेकरण मुलांत सर्रास आढळते, पण अशा रीतीने व्यंजनाचे स्थानच पालटून टाकणारा बदल मोठ्यांच्या भाषांच्या इतिहासात विरळा. 'क'चा सरसकट 'त' कोणत्या भाषेने केला हे शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही. उलट हवाईच्या भाषेत जुन्या 'त'चा 'क' झाला आहे. शिवाय मुले ह्या खोडी सोडून देतात. म्हणूनच तर त्या 'बोबड्या' ठरतात. तेव्हा एवढेच म्हणता येईल की, जोडाक्षराचा जाच मुलाच्या जिभेला होतो तसा पिढ्यांच्या जिभेलाही झाला, आणि दोघांनी काही ठिकाणी एकच वाट काढली.

जिभेला, असे मी म्हटले खरे. पण सगळा दोष जिभेवर टाकता येत नाही, हे नील स्मिथ ह्या ब्रिटिश भाषावैज्ञानिकाने आपल्या मुलाच्या दोन ते चार वर्षांच्या वयातल्या नोंदींवरून दाखवले. त्याचे पुस्तक १९७३ चे. हा मुलगा 'पडल' (डबके) ह्या इंग्रजी शब्दाला 'पगल' म्हणे. त्याला 'पडल' म्हणताच येत नसेल, असा निष्कर्ष कोणीही काढील. पण तोच मुलगा 'पझल' (कोडे) ह्या शब्दाला चक्क 'पडल' म्हणत असे! म्हणजे जीभ वळत होती. 'पडल'चे 'पगल' करणारा एक नियम होता, 'झ'चा 'ड' करणारा दुसरा होता, आणि मूल दोन्ही नियम इमानाने पाळत होते.

दुसरे उदाहरण जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन ह्यांचे, १९६० च्या सुमाराचे, आणि अभ्यासकांच्या वर्तुळात फार प्रसिद्ध. एक मूल आपल्या प्लॅस्टिकच्या माशाला 'फिश' म्हणण्याऐवजी 'फिस' म्हणत होते. मोठ्या माणसाने त्याची नक्कल करत, हा तुझा फिस का, असे विचारले. मुलाने ते साफ नाकारले आणि आपला शब्द पुन्हा उच्चारला, अर्थात 'फिस' असाच. शेवटी मोठ्याने 'फिश' म्हटल्यावर मुलाचे समाधान झाले. आपल्याकडे हा प्रयोग रोज होतो. 'दाडी' म्हणणाऱ्या मुलाला लाडाने 'दाडी हवी?' असे विचारून पाहावे. पुष्कळ मुले रागावतात. मुलाच्या कानात 'गाडी' आहे, मनात 'गाडी' आहे. 'दाडी' आहे ती आपल्या कानात.

साहित्याच्या दृष्टीने ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मुलाचा संवाद बोबडा लिहिणे समजू शकते, कारण तो दुसऱ्या कोणीतरी ऐकलेला असतो. परंतु मुलाच्या निवेदनातून लिहिलेल्या कथेत त्याच्या मनातले विचारही 'ल'काराने बोबडे करणे हा निवेदनाच्या दृष्टिकोनाचाच भंग आहे. तिथे लेखक मुलाच्या आत शिरलेला नसतो. तो बाहेर, कौतुक करणाऱ्या मावशीच्या खुर्चीत बसलेला असतो. (ह्या खुर्चीचा अनुभव मला भरपूर आहे.)

खुर्चीतल्या मंडळींची स्वतःची एक भाषा असते, तीही येथे वेगळी काढली पाहिजे. 'मम्मं', 'दुदू', 'भूर', 'भूभू', 'माऊ', 'हम्मा', 'जोजो', 'बाप्पा', 'पापा' ही मुलांची भाषा नव्हे, मोठ्यांनी मुलांसाठी घडवलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेली बोली आहे. मराठीला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, ह्या बाळबोलीचा शास्त्रीय विचार ज्या थोड्या भाषांत लवकर झाला त्यांत मराठी आहे. अशोक केळकर ह्यांचा मराठी बाळबोलीवरचा इंग्रजी लेख १९६४ मध्ये 'वर्ड' ह्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन ह्यांनी सहा भाषांतील बाळबोलींची तुलना केली, त्या सहांत अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची आणि गिल्याक ह्यांच्या बरोबरीने मराठी होती. 'रुजुवात'कार केळकर आपल्या वर्गांत समीक्षेच्या संदर्भात येतात. 'भूर' आणि 'दुदू' ह्यांच्यावर शोधनिबंध लिहिणारे केळकर विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांचे डोळे विस्फारतात. बाळबोलीतले शब्द पाहिले तर त्यांत ओठांचे आणि दातांचे ध्वनी भरपूर, अक्षरे दुहेरी, भिन्न व्यंजनांचे जोडाक्षर जवळजवळ नाही. मुलाला सोपे काय जाईल हे भाषिक समाजाने अचूक ओळखलेले आहे. ते ओळखायला त्याला याकोबसनची वाट पाहावी लागली नाही.

इतके सगळे लिहायला निमित्त झाले माझ्या बहिणीच्या नातवाचे. साडेचार वर्षांचा हा मुलगा अजून 'काका'ला 'ताता' आणि 'गाडी'ला 'दाडी' म्हणत होता. इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेने त्याच्या आईला, म्हणजे माझ्या भाचीला, बोलावून सांगितले की मुलाचे बोलणे स्पष्ट नाही. घरी दोन भाषा असल्याने त्याचा गोंधळ होतो आहे. ह्यापुढे घरात फक्त इंग्रजी बोला. भाची घाबरली. तिने घरात तसा नियमच केला. माझी ताई त्यांच्याकडेच राहते. रात्री चिऊ-काऊची गोष्ट सांगून नातवाला निजवणे हे तिचे काम होते. ताईला इंग्रजी वाचता येते, थोडे समजते. पण त्या भाषेत तिला पावसात वाहून गेलेले शेणाचे घर उभे करता येत नाही. काही दिवस तिने प्रयत्न केला आणि मग ती त्याच्याशी कमीच बोलू लागली. भाचीने मला फोन केला तो वेगळ्याच कारणाने. "मावशी, तू भाषाविज्ञान शिकवतेस ना? ह्याला 'क' यायला काय करायचं, सांग."

मी दोन संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसले. चित्रांचे पुस्तक पुढ्यात घेऊन त्याने म्हटलेला प्रत्येक शब्द जसा ऐकू आला तसा लिहून घेतला. 'कप' तो 'तप' म्हणत होता, 'केळे'ला 'तेळे', 'खिडकी'ला 'तिडकी'. पण 'नाक' तो स्वच्छ 'नाक' म्हणत होता. 'एक', 'टाक', 'राग', सगळे स्वच्छ. 'तिडकी'तही मधला 'क' जागच्या जागी होता. म्हणजे 'ह्याला क येत नाही' हे घरातले आणि शाळेतले एकमुखी निदान खरे नव्हते. 'क' त्याच्याकडे होता. शब्दाच्या आरंभी तो त्याला वापरता येत नव्हता. शब्दाच्या आरंभी अडणे आणि शेवटी न अडणे हा प्रकार इंग्रजीभाषक मुलांतही पुष्कळ नोंदला गेलेला आहे.

भाचीला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मुलाला स्पीच थेरपिस्टकडे दाखवायला हवे. ही खोड बहुतेक मुलांत साधारण साडेतीन वर्षांच्या सुमारास सुटते. इंग्रजीभाषक मुलांचे ठोकताळे असे आहेत की, परक्या माणसाला दोन वर्षांच्या मुलाचे निम्मे, तीन वर्षांच्याचे पाऊण आणि चार वर्षांच्याचे जवळजवळ सगळे बोलणे कळावे. साडेचार म्हणजे घाबरण्याचे वय नव्हे, तसेच 'येईल आपोआप' म्हणून सोडून देण्याचेही नव्हे. दुसरी गोष्ट मी जरा चढ्या आवाजात सांगितली. इंग्रजीत काय 'क' नसतो? जो मुलगा 'केळे'ला 'तेळे' म्हणतो तो 'कॅट'ला 'टॅट' म्हणणार, 'गो'ला 'डो' म्हणणार. भाषा बदलून उच्चार सुधारत नाही. दोन भाषांमुळे उच्चारदोष निर्माण होतो ह्यालाही अभ्यासाचा आधार नाही. जगातली असंख्य मुले दोन-तीन भाषांत वाढतात आणि नीट बोलतात. तोट्यात जाते ते एवढेच, की ज्या माणसाजवळ त्याच्याशी बोलायला सर्वांत जास्त शब्द आहेत त्या माणसाचे तोंड बंद होते. ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही.

थेरपिस्ट बाईंनी आधी श्रवणचाचणी करायला लावली. ते योग्यच होते. कानात वरचेवर पाणी साचणाऱ्या मुलांना बारीक भेद ऐकूच येत नाहीत, आणि मग बोलण्यावर उपचार करणे व्यर्थ ठरते. कान ठीक निघाले, टाळूही ठीक. मग त्यांनी जे केले ते पाहून मला माझ्या अभ्यासपत्रिकेतले एक प्रकरण जिवंत झाल्यासारखे वाटले. एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या जोड्या, ज्यांना आपण न्यूनतम जोड्या म्हणतो आणि स्वनिम ठरवण्यासाठी फळ्यावर लिहितो, त्या त्यांनी चित्रांच्या पत्त्यांवर आणल्या: 'कार' आणि 'तार', 'गोरी' आणि 'दोरी', 'गाणे' आणि 'दाणे'. खेळ असा की, जे मागशील ते मिळेल. त्याने गाणे मागितले, अर्थात 'दाणे' म्हणून. बाईंनी त्याच्या हातावर शेंगदाणे ठेवले. तो चिडला. पुन्हा मागितले, पुन्हा दाणे. आजवर घरात त्याच्या 'दाणे'चे गाणे करून घेणारे कान सतत हजर होते. आपल्या दोन शब्दांचा ऐकणाऱ्याला एकच शब्द होतो, हे त्याला त्या खोलीत पहिल्यांदा जाणवले असावे. सोस्यूरचे 'भाषेत केवळ भेद असतात' हे सूत्र मी कितीदा शिकवले आहे, पण ते मूठभर शेंगदाण्यांनी सिद्ध करावे हे मला सुचले नव्हते.

काही महिन्यांत 'क' शब्दाच्या आरंभी आला, आणि आला तो इतक्या जोरात की मग 'त'ला जागा उरेना. दोन-तीन आठवडे आमच्या घरात 'ताट'चे 'काट' झाले आणि ताईला 'कू ये ना इकडे' अशी हाक येऊ लागली. भाची पुन्हा धास्तावली, पण बाई म्हणाल्या की हे शुभलक्षण आहे. नियम हाती लागला की मूल तो लागू नसेल तिथेही लावून पाहते. ते खरे ठरले. 'त' परतला. गोष्टही परतली, आणि तिच्यातला काऊ आता 'ताऊ' राहिला नाही. ताईला त्याचे थोडे वाईट वाटले, असे ती एकदा म्हणाली.

हे 'काट' मला मात्र दुसरीकडे घेऊन गेले. आमच्या महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून येणारी मुले आहेत. 'पाणी'ला 'पानी' म्हटले म्हणून ज्यांना शाळेत हसले गेले, त्यांतली काही नंतर सावध होऊन 'मन'ला 'मण' आणि 'जीवन'ला 'जीवण' म्हणू लागतात. ही तीच अतिदुरुस्ती. फरक असा की, नातवाच्या 'काट'ला आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि ह्यांच्या 'जीवण'ला वर्गात खसखस पिकते. ज्याने 'पानी' हे आपल्या आईकडून अचूक उचलले, त्याच्या उच्चारात काही अपुरे राहिलेले नाही. त्याच्या बोलीत 'ण' त्या जागी नाहीच. तरी 'अशुद्ध' हा एकच शिक्का आपण तीन निराळ्या गोष्टींवर मारतो: वयाच्या ओघात सुटणाऱ्या खोडीवर, उपचार लागणाऱ्या अडचणीवर आणि पूर्ण वाढलेल्या बोलीवर.

गेल्या वर्षी मी विद्यार्थ्यांना एक गृहपाठ दिला. घरातल्या किंवा शेजारच्या तीन वर्षांखालच्या मुलाचे पन्नास शब्द नोंदवायचे. पहिल्या स्तंभात मोठ्यांचा शब्द, दुसऱ्यात मुलाचा. खानदेशातून आलेल्या एका मुलीने आपल्या धाकट्या भावाच्या नोंदी आणल्या आणि वर्ग संपल्यावर ती टेबलाजवळ घुटमळत राहिली. तिची अडचण 'डोळा' ह्या शब्दाची होती. भाऊ 'डोया' म्हणतो. पण मॅडम, आजीही 'डोया'च म्हणते, आमच्याकडे सगळेच म्हणतात. मग पहिल्या स्तंभात काय लिहू? मी म्हटले, घरात जे ऐकू येते ते लिही. तिने दोन्ही स्तंभांत 'डोया' लिहिले. त्याच पानावर खाली भावाची 'दाडी' होती, आणि तिच्यापुढे तिने कंसात नोंद केली होती की आजी मात्र 'गाडी' म्हणते.